कशी झाली?

मला रांधायला आवडतं.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि हात थांबला. या पानांवर आपल्या माणसांनी भूक लिहिली, जळालेली घरं लिहिली, पाणवठा लिहिला, मोर्चे लिहिले. तिथं एक म्हातारी होत आलेली बाई लसूण कितपत लाल करावा हे सांगायला बसली, तर वाचणारा म्हणेल, बाईचं पोट भरलंय, आता तिला चवीचं सुचायलंय. म्हणू दे. माझं पोट भरलंय हे खरंच आहे. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून राबले. पेन्शन आहे, गॅस आहे, दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. ज्वारी मी दाणा चावून, पारखून घेते. माझ्या मायला हे कधी जमलं नाही. तिच्या पदरात जी ज्वारी पडली ती तिनं दळली.

सकाळी उठलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो, आज काय करावं. बाजारात अंबाडीची कोवळी जुडी दिसली की मला राहवत नाही. घरी आणायची, पानं उकडून आंबट पाणी थोडं काढून टाकायचं, ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून घोटायची, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाचं कडकडीत तेल. लसूण तांबूस झाला की खाली उतरवायचा, काळा झाला तर सगळी भाजी कडवट. वर्षाचं काळं तिखट मी घरी करते. येसूर घरी करते. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरी, लवंग वेगवेगळं भाजून दळायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. पाहुणा अवेळी आला तर चार चमचे येसूर पाण्यात कालवला की आमटी दाट होते, आणि घरात काही नव्हतं हे पाहुण्याला कळत नाही.

ही माझी हौस. कुणाला सांगायची गरज मला आजवर पडली नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ माझ्या घरी ताटावरून उठला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. रांधताना, भांडी घासताना, रात्री झोप लागत नाही तेव्हा. तो इथं मांडते.

झालं ते असं. माझी लेक पुण्याहून आली होती. ती कंपनीत नोकरी करते. तिला वजडी खायची होती. मी सकाळीच खाटकाकडं जाऊन बोकडाची वजडी आणली, सोबत डब्यात रक्त आणलं. वजडी म्हणजे सोपं काम नाही. गरम पाण्यात बुडवायची, सुरीनं खरवडायची, चुना लावून चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची, वास जाईपर्यंत. कंटाळा केला की रश्श्याला वास येतो. रक्त मीठ घालून थिजवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, गार झालं की वड्या कापायच्या, मग भरपूर कांदा, हिरवी मिरची, लसूण घालून मंद आचेवर परतायचं. जास्त परतलं तर रक्ती कोरडी होते. माझी लेक फोन घेऊन उभी होती, सगळं चित्रित करत होती. म्हणाली, "आई, हे कुठल्याच पुस्तकात नाही. तुझ्यानंतर हे कुणाला येणार?"

तेवढ्यात दादा आला. पंचाहत्तरी गाठलेला, निवृत्त मास्तर, धुतलेला पांढरा सदरा. न सांगता आला होता. मला आनंदच झाला. ताट वाढलं. भाकर, वजडीचा रस्सा, बाजूला रक्ती, कांदा. दादानं भाकर मोडली, घास रश्श्याकडं नेला आणि हात तिथंच थांबला. मग तो सावकाश उठला.

"बाई, हे मपल्या पुढं ठेवू नगंस," तो म्हणाला. "बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं, तेच तू चवीनं रांधायलीस?"

लेक म्हणाली, "मामा, हे मेलेल्या जनावराचं नाही. बोकडाचं आहे, पैसे देऊन आणलंय. आणि आपलंच तर अन्न आहे हे. लाजायचं कशाला?"

दादा म्हणाला, "लाज न्हाई गं पोरी. मला वास येतो."

मी वजडी तीन वेळा चुन्यानं धुतली होती. वास नव्हता. पण दादा खोटं बोलत नव्हता. त्यानं चटणी-भाकर खाल्ली, पाणी प्याला आणि गेला. मी पातेल्यासमोर पळी हातात धरून उभी राहिले. एका बाजूला भाऊ, एका बाजूला लेक, आणि दोघंही मला बरोबर वाटत होते. असं कसं होईल?

आधी दादाचं ऐकते, कारण त्याचं दुःख आधीचं आहे.

दादा सात-आठ वर्षांचा असताना बापाच्या मागं टोपलं घेऊन गावात फिरलाय. येसकरीच्या भाकरी मागायला. दारापुढं लांब उभं राहायचं, हाळी द्यायची, मग वरून टोपल्यात भाकर पडायची. कधी ताजी, बहुतेक वेळा शिळी, कधी बुरसा आलेली. वेगवेगळ्या घरांची कोरड्यास एकाच गाडग्यात. मेथी, डाळ, वांगं, सगळं एकात. कुणाच्या दावणीला बैल मेला की बाप ओढायला जायचा. मग वस्तीत वाटे पडायचे. बाया मांसाच्या लांब चान्या कापून दोरीवर वाळत घालायच्या. दादाचं काम असायचं कावळे हाकलायचं. दिवसभर दोरीखाली बसून तो कावळे हाकलायचा. तो वास त्याच्या नाकात बसला तो आजवर गेला नाही. मी दादापेक्षा दहा वर्षांनी धाकटी. माझ्या जन्माआधीच आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता, मेलेलं ओढायचं बंद केलं होतं. त्यासाठी गावानं वस्तीला कामाला बोलावणं बंद केलं, तेही वस्तीनं सोसलं. म्हणजे दादानं जे नाकानं भोगलं ते मी कानानं ऐकलं. हा फरक लहान नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, तुकड्यांसाठी दारोदार फिरणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी आपण लक्षात ठेवलं, पण पाण्याबरोबर ताटाचीही गोष्ट तिथं निघाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला माणसं जमली. तेव्हा बायकांशी बोलताना त्यांनी घरात असलं मांस येऊ देऊ नका असं बजावलं. पुढं १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यता कशी जन्मली याची मांडणी केली, तिच्यातही गोमांस खाण्याचा प्रश्न मध्यभागी आहे. म्हणजे कोण काय खातो, ही आपल्या इतिहासात किरकोळ बाब नाही. ताटावरून माणसाची किंमत ठरवली गेली, आणि ताटावरूनच माणूस उठून उभा राहिला. दादा ताटावरून उठला तो त्या परंपरेतला. त्याला हट्टी म्हणायची माझी छाती नाही.

पण मग मी काय करतेय? बाबासाहेबांच्या सांगण्याविरुद्ध जातेय का?

मी याचा पुष्कळ विचार केला. बाबासाहेबांनी भूक लागणं वाईट आहे असं म्हटलं नाही. मांस वाईट, चव वाईट, असंही म्हटलं नाही. जी गोष्ट तुम्हाला निवडता येत नाही, गाव टाकतं आणि तुम्ही उचलता, आणि ती उचलता म्हणूनच गाव तुम्हाला हीन ठरवतं, ती गोष्ट सोडा, असं ते सांगणं आहे. नकार होता तो त्या अटीला. मी खाटकासमोर उभी राहून, भाव विचारून, हा तुकडा नको तो दे असं म्हणून वजडी आणते तेव्हा ती अट तिथं नसते. मला नको म्हणता येतं. माझ्या बापाला नको म्हणता येत नव्हतं. वजडी आणि वजडी दिसायला एकच, मधे हे एक "नको" आहे.

इथवर विचार आला तेव्हा मला वाटलं, सुटलं गणित. आपण निवडून खातो, म्हणून आपली हौस चोख. दादाची जुनी जखम आहे, ती त्याच्यापाशी. पण मग मला माय आठवली आणि गणित पुन्हा चुकलं.

१९७२ चा दुष्काळ. मी बारा वर्षांची. माय खडी फोडायच्या कामावर जायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो यायची, परदेशातून आलेली. त्या मिलोची भाकर थापली की तडकायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. वस्तीतल्या बाया मिलोला शिव्या द्यायच्या. माझी माय शिव्या देत देत प्रयोग करायची. आधी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून बघितलं. मग थोडं पीठ शिजवून त्याच्या चिकीत बाकीचं मळून बघितलं. मग रानातला तरोटा, घोळ, जे हिरवं मिळेल ते चिरून त्यात घातलं, मीठ-मिरची घातली आणि जाड धपाटं थापलं. एक दिवस ते तुटलं नाही. अख्खं उलथलं. तेल तर नव्हतंच. एका वाटीत बोटभर तेल असायचं, त्यात चिंधी बुडवून तवा पुसायची. तेवढ्या तेलावर ते धपाटं खरपूस झालं. मायनं आमच्या हातावर तुकडे दिले आणि आमच्या तोंडाकडं बघत विचारलं,

"कशी झाली रं?"

आज त्रेपन्न-चौपन्न वर्षांनी मला त्या प्रश्नाचं आश्चर्य वाटतं. ज्या घरात दुसरं काहीच नाही, तिथं कशी झाली हे विचारायचं कारण काय? चांगली झाली तरी तीच खायची, वाईट झाली तरी तीच. उपाशी पोर काय सांगणार? पोट भरणं एवढाच हिशोब असता तर मायनं विचारलं नसतं. जनावराला चारा टाकणारा कशी लागली म्हणून विचारत नाही. टोपल्यात वरून भाकर टाकणाऱ्यानंही आमच्या बापाला कधी विचारलं नाही, कालची डाळ कशी होती. ज्याला आपण माणूस धरतो, ज्याच्या जिभेला मत आहे असं मानतो, त्यालाच हा प्रश्न विचारतात.

आणि त्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा दिसली. कशी झाली असं विचारलं की समोरच्याला वाईट झाली म्हणायचा हक्क मिळतो. माय आम्हाला तो हक्क देत होती. जगानं जो "नको" तिला कधी म्हणू दिला नाही, तो ती फुटक्या चुलीपुढं बसून आपल्या पोरांच्या तोंडात घालत होती. हौस ती हीच. ती पोट भरल्यावर येते असं मला वाटायचं. मायची हौस भरल्या पोटातून आली नव्हती.

मग दादाचं ते ताटावरून उठणं मला वेगळं दिसायला लागलं. मला आधी वाटलं, त्यानं माझ्या हाताचा अपमान केला. आता वाटतं, मी कशी झाली विचारायच्या आधीच त्यानं उत्तर दिलं. मला नको. माझ्या ताटावरून कुणी उठू शकतं, म्हणूनच माझं रांधणं ही हौस आहे. उठताच येत नसतं तर ती सक्ती झाली असती. माझी आवड आणि दादाचा नकार, दोन्ही एकाच हक्काची पोरं.

आता लेकीचं. लेक म्हणते, आपलं अन्न आहे, लाजायचं कशाला. बरोबर आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी 'रुचिरा' विकत घेतलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० साली निघालेलं पुस्तक. वाटी-चमच्याच्या मापानं त्यातून मी पुष्कळ शिकले, आजही उघडते. पण रक्ती, वजडी, चान्या हे शब्द मला त्यात सापडले नाहीत. तेव्हा मला वाटलं, आपण खातो ते स्वयंपाकात मोडतच नसावं. मराठी स्वयंपाक म्हणजे त्यांचा, आमचा नुसता जाळ. पुढं २०१५ साली शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांतलं खाणं त्यांनी कृतीसकट लिहिलं, २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. मी ते वाचलं तेव्हा रडले. दुःखानं नाही. मायच्या हातची गोष्ट छापून आलेली बघून रडले.

म्हणून लेकीनं चित्रित करावं, लिहावं, जगाला दाखवावं. माझी ना नाही. पण एक धास्ती आहे. फोनमधे वास जात नाही आणि टोपलं दिसत नाही. बघणाऱ्याला नुसता तांबडा रस्सा दिसेल. तो म्हणेल, वा, काय चव असेल! उद्या एखादा हॉटेलवाला मातीच्या भांड्यात वजडी वाढेल, पाचपट पैसे घेईल, आणि खाणारा ढेकर देऊन म्हणेल, या लोकांचं खाणं किती छान होतं. छान होतं! चान्या चवदार लागायच्या म्हणून दोरीखाली बसून कावळे हाकलायला लागणं छान होतं का? मायनं मिलोचं धपाटं साधलं म्हणून दुष्काळ चांगला होता का? हाताचं कौतुक करता करता ज्या दगडाखाली तो हात होता त्याचंही कौतुक व्हायला लागतं, तिथं सावध राहिलं पाहिजे. मी लेकीला सांगितलं, कृती सांगशील तर मामाचं टोपलंही सांग. टोपलं गाळून नुसती कृती सांगायची नाही.

तिसरी एक बाजू आहे. ती दादाचीही नाही आणि लेकीचीही नाही. आपण काय खावं हे ठरवायला बाहेरचा माणूस अजून बसलेलाच आहे. एक काळ होता, मेलेलं खा म्हणाले. आम्ही ते सोडलं. मग कापलेलं विकत घेऊन खायला लागलो. गाय कापायला या राज्यात १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा मात्र गुन्हा नाही, एवढी सूट दिली. गरिबाचं स्वस्त मांस गेलं. ज्यांनी बैल मेल्यावर आमच्या बापाला हाक मारली, त्यांच्याच नातवांनी बैलाकडं बघू नका म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा ताट आमचं, तोंड आमचं, आणि निकाल दुसऱ्याचा.

आणि हात? हाताचाही निकाल दुसराच देतो. नोकरीच्या एका गावी आम्ही पाच जणी दुपारी एकत्र डबे खायचो. सगळ्या एकमेकींच्या डब्यातलं उचलायच्या. माझ्या डब्याकडं आलं की कुणाला उपास आठवायचा, कुणाचं पोट भरलेलं असायचं. मी भरल्या वांग्याची भाजी न्यायचे, शेंगदाण्याचा कूट, काळं तिखट, मंद शिजवलेली. अकरा महिने नेली. कुणी चाखली नाही. मी अकरा महिने मनात विचारत होते, कशी झाली? बाराव्या महिन्यात माझी बदली झाली. हे १९८५ सालचं, जुनं म्हणून सोडून द्यावं, तर २०१७ साली पुण्यात एका शिकलेल्या बाईनं स्वयंपाकीणबाईवर पोलिसांत तक्रार केली, की हिनं जात लपवून आमच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक केला. गदारोळ झाला, मग तक्रार मागं घेतली. ती स्वयंपाकीणबाई तर आपल्यातलीही नव्हती. शाळेत पोरांना शिजवून घालायच्या योजनेत स्वयंपाकासाठी दलित बायांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावं लागलं. ज्या देशात कुणाच्या हातचं खावं हे न्यायालयात जातं, तिथं एखाद्या दलित बाईनं मला रांधायला आवडतं असं म्हणणं ही घरातली गोष्ट राहत नाही.

हे सगळं बाहेरच्यांबद्दल बोलले. आता घरातलं बोलते, नाहीतर माझं बोलणं अर्धं राहील.

माय कशी झाली विचारायची. आम्ही काय सांगायचो? काहीच नाही. बाप खाली मान घालून जेवायचा. दादा अभ्यासाचं पुस्तक उघडून जेवायचा. मी तिसऱ्यांदा वाढून मागायचे. सगळ्यांचं झालं की माय तवा उतरवायची, टोपल्यात उरलेला तुकडा आणि पातेल्याच्या बुडाशी असलेलं पाणी घेऊन भिंतीकडं तोंड करून खायची. नेमकी कशी झाली हे शेवटी तिलाच कळायचं, आणि तिला कुणी विचारायचं नाही. गावानं बापाला विचारलं नाही, बापानं मायला विचारलं नाही. आपण वरच्याच्या अन्यायावर बोट ठेवतो तेव्हा तेच बोट घरातल्या पातेल्याच्या बुडाशीही नेलं पाहिजे.

कुणी म्हणेल, बाई, तू हौसेचं एवढं सांगतेस, पण या हौसेनंच बाया चुलीला बांधल्या गेल्या. "हिच्या हाताला चव आहे" असं म्हटलं की ती जन्मभर तिथंच. हे खरं आहे. माझ्या हाताला चव होती म्हणून दवाखान्यातून दमून आल्यावरही चूल माझीच होती. नवऱ्याला कधी वाटलं नाही की आपणही शिकावं. तेव्हा मी त्याला हौस म्हणत होते का? नाही. तेव्हा ते काम होतं. माझं रांधणं हौस झालं ते पेन्शन सुरू झाल्यावर. एखाद्या दिवशी आज करत नाही, दूध-भाकर खा, असं म्हणायची हिंमत आली तेव्हा. इथंही तेच. "नको" म्हणता येणं. खाणाऱ्याला नको म्हणता आलं पाहिजे आणि रांधणारीलाही. दोघांपैकी एकाचा "नको" गेला की उरलेल्याची चव कितीही मोठी असो, ती दुसऱ्याच्या जिवावरची.

मी मोठी विचारवंत नाही. मला जे सापडलं ते एवढंच, आणि ते चुलीपाशी सापडलं. आवड निष्पाप असते का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी बघा, त्या घरात "नको" कोणाकोणाला म्हणता येतो.

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुन्हा आली. मी दादाला फोन केला. म्हटलं, जेवायला ये. तो काही बोलला नाही. मी म्हटलं, "वजडी करणार न्हाई." तो म्हणाला, "तसं न्हाई बाई, तुपलं घर हाय, तू काय बी कर." मी म्हटलं, "तू येणार म्हणून करणार न्हाई. तू गेल्यावर करीन." तो फोनवर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

अंबाडीची भाजी केली. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, वरून लसणाचं तेल. भाकरी गरम गरम तव्यावरून. या वेळी मी सगळ्यांबरोबर बसले. भाकरी आधीच थापून फडक्यात गुंडाळून ठेवायला काय हरकत आहे, हे कळायला मला पासष्ट वर्षं लागली. दादा खाली मान घालून खात होता, बापासारखा. दोन घास झाले, तीन झाले. मी विचारलं,

"दादा, कशी झाली?"

तो थांबला. बहुतेक त्यालाही माय आठवली असावी. त्यानं वर बघितलं, घास चावला आणि म्हणाला,

"मीठ कमी हाय."

लेकीनं मिठाची वाटी पुढं सरकवली. मी भाजी चाखली. खरंच मीठ कमी होतं.